माहिती देणारी: आई

शाळेनं मला ‘पालकांना घेऊन या’ म्हणून सांगितलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, आणि त्या शाळेत विद्यार्थिनी नव्हते. कनिष्ठ लिपिक होते, सोळा वर्षांपासून. मोताळा तालुक्यातल्या एका खाजगी संस्थेची ती शाळा. दाखले, बोनाफाईड, जनरल रजिस्टर, सगळ्यांच्या रजा, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आमच्या शिपायानं एकदा पिऊन येऊन दुपारी दोनलाच सुटीची घंटा दिली होती, अर्धी शाळा घरी गेली. त्याच्या आईला कुणी बोलावलं नाही. पण बाई माणूस, त्यात बिनलग्नाची, म्हणजे ती कुणाच्या तरी ताब्यातली असलीच पाहिजे, असं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं ठाम मत. “घरचं मोठं माणूस आणा, त्यांच्यासमोर बोलू,” असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं आणि वर हसल्या. मला ते हसणं कशाचं होतं ते आजही माहीत नाही.

माझा गुन्हा ऐका. आमचे एक गुरुजी निवृत्त झाले. निरोप समारंभ होता, मांडव, शाल, श्रीफळ. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, “या माणसानं बत्तीस वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही.” मी तिसऱ्या ओळीत होते. उभी राहिले आणि म्हणाले, “चुकतंय साहेब. किरकोळ रजा सोडून एकशे चौदा आहेत, आणि अर्धपगारी वेगळ्या.” गुरुजींच्या सूनबाई रडायला लागल्या. मला वाटलं मी मदत केली. चुकीचा आकडा माइकवरून जाऊ नये म्हणून माणूस धडपडतो की नाही? तर नाही. चार दिवसांनी हातात नोटीस: उद्धट, असहकारी आणि संस्थेच्या प्रतिमेस बाधा आणणारे वर्तन, सेवा समाप्त का करण्यात येऊ नये याचा खुलासा दोन महिन्यांत समितीसमोर समक्ष करावा. सोबत जुनी जंत्री. स्नेहसंमेलनात डीजे लागल्यावर कानात बोटं घालून स्टाफरूमला कडी लावली. सहकाऱ्याच्या घरच्या वास्तूला जाऊन ताट नाकारलं. सकाळी कोणाला नमस्कार करत नाही. साडेबारा वाजले की समोर माणूस उभा असला तरी खिडकी बंद करते. सगळं खरं होतं, एक ओळ खोटी नव्हती. फक्त त्याच्या वर लिहिलेला ‘उद्धट’ हा शब्द माझा नव्हता.

गावात त्यालाच माज म्हणतात. ‘माज आला पोट्टीले.’ सहावीपासून ऐकत आले. ज्या बाईला समोरच्याशी काय बोलावं ते कळत नाही म्हणून तिचे हात थंड पडतात, त्या बाईला माज. वाहवा!

आता मला हे स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, कुठून सुचलं, तर माझ्याच टेबलावरून. दरवर्षी तालुक्याहून विशेष शिक्षिका येतात. कोणत्या लेकराला काय अडचण आहे ते तपासायचे तक्ते आणतात, एकवीस प्रकारच्या अपंगत्वांचे, आणि भरून द्यायचं काम लिपिकाच्या माथी मारतात. नोटीस आली त्याच आठवड्यात मी पाचवीतल्या एका पोरीचा तक्ता भरत बसले होते. नावानं हाक मारली तरी बघत नाही. ठराविक क्रम मोडला तर अस्वस्थ होते. मोठा आवाज सहन होत नाही. बोललेलं शब्दशः घेते. मी भराभर खुणा करत गेले, बारा ओळींपैकी दहांवर, आणि मग लक्षात आलं की त्या पोरीला तर मी धड पाहिलेलंही नाही. तिचा तक्ता खोडरबरानं साफ केला, आधी स्वतःसाठी एक झेरॉक्स काढून घेतला.

ज्यांना कुणाला मोठेपणी हे तपासून घ्यायचं असेल त्यांना सांगून ठेवते: पहिल्या दारात तुम्हाला हसतील. बुलढाण्यात मी ज्या डॉक्टरकडे आधी गेले त्यांनी माझा झेरॉक्स न वाचताच उलटा ठेवला. “हे लहान मुलांचं असते ताई. तुम्ही नोकरी करता, साडी नेसता, एकट्या एसटीनं आल्या. लग्न झालं? नाही? मग तेच.” आणि झोपेची गोळी लिहून दिली. मला झोप उत्तम लागते. तसं सांगितलं तर म्हणे, “बघा, चिडचिड आहेच.” मी ती चिठ्ठी त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

मग कुणी तरी सांगितलं की एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून दोन शनिवारी एक मानसशास्त्रज्ञ बाई येते, ती मोठ्यांचंही करते. गेले. बाई कसली, पोरगी होती, तिशीतली, पुण्याकडची. तिचं मराठी इस्त्री केलेलं, आणि मी तोंड उघडलं की तिच्या कपाळावर आठी पडायची, नीट ऐकावं लागायचं ना. मला ती पहिल्या पाच मिनिटांतच आवडली नाही. पण तिनं झेरॉक्स वाचला, दोन्ही बाजूंनी, आणि मागची बाजू कोरी होती.

तपासणी म्हणजे मला वाटलं होतं मशीन असेल. डोक्याला तारा लावतील, नाहीतर रक्त घेतील. तसलं काही नसतं. रक्तात निघत नाही हे. नुसतं विचारतात, तासन्‌तास, आणि तुम्ही उत्तर देता ते एकीकडे आणि कसं देता ते दुसरीकडे लिहितात. पहिल्या दिवशी तीन तास गेले. एक लांबलचक कागद दिला, वाक्यं आणि पुढे चार रकाने, पूर्ण पटतं ते अजिबात पटत नाही. ‘मला चारचौघांत मिसळायला आवडतं.’ मी विचारलं, कोणते चार? ती म्हणाली, सर्वसाधारणपणे. मी म्हटलं, सर्वसाधारण माणूस मला अजून भेटला नाही, तुम्हाला भेटला असेल तर सांगा. तिनं मान खाली घातली आणि लिहिलं. मग चित्रं दाखवली, एक बाई दारात उभी, एक माणूस खुर्चीत, काय चाललंय सांगा. मी सांगितलं की खुर्चीचा एक पाय आखूड काढलाय. तेही लिहिलं. तिच्या त्या पेनाचा मला इतका राग यायला लागला की हातातून ओढून घ्यावं वाटलं.

शेवटी म्हणाली, “एक गोष्ट मात्र विरुद्ध जाते ताई. तुम्ही डोळ्यांत बघून बोलता. अगदी व्यवस्थित.”

“मग?”

“बहुतेकांना ते जड जातं. म्हणून तुमचं लहानपण कळायला हवं. पाच वर्षांच्या आतलं. हे जन्मापासूनचं असतं, त्यामुळे तेव्हाची लक्षणं कुणीतरी पाहिलेली असावी लागतात. कोण आहे तसं?”

वडील गेलेले. भाऊ माझ्याहून लहान. राहिली कोण, आई.

“मग पुढच्या वेळी आईला घेऊन या,” ती म्हणाली.

मला खरंच हसू आलं. शाळा म्हणते आईला आणा, दवाखाना म्हणतो आईला आणा. एक्केचाळीस वर्षांची घोडी झाले, तरी माझ्या वतीनं बोलणार आईच.

आई देऊळघाटच्या बाजूला आमच्या गावी भावाजवळ राहते. गावात तिचा शब्द चालतो. दोन घरांत बांधावरून, नळावरून वाजलं की तिला बोलावतात, कारण ती पाहिलं तेवढंच सांगते अशी तिची ख्याती. मी तिला फोनवर सगळं समजावलं, तीन वेळा. समितीपुढे जायचं आहे. हा रिपोर्ट मिळाला तर मी उद्धट नाही, माझी घडणच अशी आहे, हे कागदावर येईल आणि नोकरी वाचेल. तू फक्त खरं सांग. “हाव, हाव, समजलं मले,” म्हणाली.

शनिवारी आली. मी बसस्टँडवर तिला पाहिलं. विहारात पौर्णिमेला नेसते ती पांढरी साडी, डोक्याला तेल, आणि हातात स्टीलचा डबा. मला पाहायला पाहुणे यायचे तेव्हा ती अशीच तयार व्हायची. बावीस ते चौतीस या वयात मला किती जणांनी पाहून नाकारलं ते मी इथं लिहीत नाही, पण दर वेळी आई अशीच असायची, पांढरी, हसरी, डबेवाली.

वर गेलो. आईनं डबा उघडून मॅडमपुढे सरकवला. “घ्या बाई, शेंगदाण्याचे लाडू हायेत. माह्या पोरीनंच केले.”

मी जन्मात लाडू वळलेला नाही. हाताला तूप चिकटलं की मला अंगावर काटा येतो, आईला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मी नाही केले.” आई हसली. “लाजते.”

आणि मग सुरू झालं.

“बोलायला कधी लागली?”

“वर्षाची व्हायच्या आतच. मैनेवानी बोले.”

“बाकीच्या मुलांत खेळायची?”

“अख्खी गल्ली इच्याच मागं.”

“खाण्यापिण्याचं काही? हट्ट?”

“नाही वं बाई. जे देल्लं ते खाल्लं. गरीब होती पोरगी. आताही पाहा ना, कोणाले वर तोंड करून बोलत नाही.”

सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत मी दूध आणि भाकरीच्या पलीकडे काही तोंडात घातलं नव्हतं. ती भाकरही मोडलेली चालायची नाही. यासाठी या बाईनं मला पायलीनं शिव्या घातल्या होत्या, आणि आता ती पदर सावरून सांगत होती, गरीब पोरगी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “खोटं बोलते ही,” मी ओरडले. “सगळं खोटं.”

“गमत करते,” आई मॅडमला म्हणाली. “सोभाव इनोदी हाय इचा.”

खाली उतरलो तेव्हा मी तिचा दंड धरला. मेडिकलसमोर, भर रस्त्यात. तिला विचारलं, हे काय केलंस? माझी नोकरी जाते आहे हे कळलं का तुला? ती आधी दंड सोडवत राहिली, मग तीही भडकली.

“तुह्या भावाच्या पोरीले मेहकरकडचं स्थळ आलं, ठाऊक हाय ना? हिवरा आश्रमाजवळचे लोक हायेत, पोरगा मास्तर हाय, बैठक होऊन राह्यली. अन् मी इथं कागदावर लिहून देऊ, का आमच्या घरात हे जन्मापासून असते? उद्या म्हणतीन, रक्तातच हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, समजलं?”

“आणि मी?”

“तुह्यं काय? माफी माग त्याईची, वाक थोडीशी. माणसानं वाकलं तं कंबर मोडत नाही.”

“कशाची माफी मागू? एकशे चौदाची?”

“घे, हेच! हेच तुह्यं!” असं म्हणून ती निघून गेली, लाडूचा डबा मॅडमकडेच राहिला. त्या दिवशी मला माझ्या आईचा तिरस्कार वाटला. हे लिहिताना लाज वाटायला पाहिजे म्हणतात. वाटत नाही.

तिसऱ्या फेरीत माझी एकटीची तपासणी पुरी झाली, ठोकळे जुळवा, आकडे उलटे म्हणा. त्यात मी पहिली आले असते, पण नंबर काढत नाहीत. मग मॅडमनं प्राथमिक अहवाल हातात दिला. खालचा निष्कर्ष असा की लक्षणं आहेत, पण बालपणाच्या खात्रीलायक माहितीअभावी निदान निश्चित करता येत नाही. वरच्या बाजूला ठराविक रकाने. माहिती देणारी व्यक्ती: आई. माहितीची विश्वसनीयता: नाही.

समितीला वीस दिवस राहिले होते. संध्याकाळी मी आईला फोन लावला आणि अहवाल वाचून दाखवला, पहिल्या अक्षरापासून. पुढे सगळे म्हणाले मी डाव टाकला, आईचं मर्म ओळखून डिवचलं. कसला डाव! मला डाव टाकता आले असते तर मी आज मुख्याध्यापिका असते. कागद वाचायचा म्हणजे पूर्ण वाचायचा, एवढंच मला येतं. वाचत वाचत ‘विश्वसनीयता: नाही’पर्यंत आले.

“म्हंजे काय?” आई म्हणाली.

“म्हणजे तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही.”

“कोणं लिहिलं?”

“मॅडमनं. सहीशिक्का आहे.”

“मले खोटारडी लिहिलं? मले?” तिचा आवाज चढला. “अवं, या गावात कोर्टात जायच्या आधी लोक माह्या ओसरीवर येतेत! अन् ती कालची पोट्टी मले... कागदावर? कायमचं?”

“फाईलला लागतं ते.”

मग, “कधी हाय वं शनवार?”

या खेपेला तिच्या अंगावर घरातलं जुनं लुगडं होतं आणि हात रिकामे. खुर्चीत बसली, मॅडमकडे बोट केलं आणि म्हणाली, “लिहा. मधात बोलू नका.”

तासभर बोलली. गावातल्या भांडणात साक्ष देते तशी, ओळीनं, एकही शब्द मऊ न करता. मी चार वर्षांची होईपर्यंत बोललेच नाही, तिच्या सासरचे मला मुकी म्हणायचे. आणि जेव्हा बोलले तेव्हा आई नाही, बाबा नाही, पहिले शब्द एसटीतल्या कंडक्टरचे, ‘पुढं सरका, पुढं सरका’. सहा महिने तेवढंच. घरी माणूस आलं की पुढं सरका, ताट वाढलं की पुढं सरका. लोक हसून हसून लोळायचे आणि आई आत जाऊन रडायची. मला कडेवर घेतलं की मी लाकडासारखी ताठ व्हायचे. एका जागी बसून भिंत खरवडायचे, पोपडे निघून माती दिसेपर्यंत. “मारलं मी इले,” ती म्हणाली. “लय मारलं. लोकायसमोर कमी, घरात जास्त. रडायची बी नाही धड. मले वाटे, हे लेकरू मले ओळखतच नाही. दोन वर्षं मले इचा जीव लागला नाही, हे बी लिहा.”

मॅडम लिहीत होती. मी खिडकीच्या गजांकडे बघत होते.

“मंग शाळेत टाकायची येळ आली. तिथला मास्तर म्हणे, ही पोरगी तोंडाकडे पाह्यत नाही, आंधळी हाय का खुळी हाय? असं लेकरू आम्ही घेत नाही. मंग म्या शिकवलं. रोज संध्याकाळी समोर बसवू. माह्या डोळ्यात पाह्य म्हणू, अन् मी दहा मोजेपर्यंत नजर हलवायची नाही. हलली का इथं,” तिनं स्वतःच्या दंडाची आतली बाजू धरली, “इथं चिमटा. वर्षभर. हात हिरवानिळा राहे पोरीचा. पुढच्या साली मास्तरकडे नेली तं कशी पाहे टकामका! घेतलं त्यानं.”

मॅडमचं पेन थांबलं. पहिल्यांदाच.

मला यातलं काही आठवत नाही. एक चिमटासुद्धा नाही. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघताना मी मनात दहा मोजते आणि दहाला नजर काढते, हे मला माहीत होतं. पुन्हा बघायचं, पुन्हा एकपासून. आयुष्यभर. मला वाटत होतं सगळेच मोजतात.

मी मॅडमला विचारलं, “तुम्ही नाही मोजत?”

“नाही,” ती म्हणाली.

“कधीच नाही?”

“नाही हो ताई.”

मी आईकडे वळले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तू मला माणसाचं माकड केलंस, असं म्हणाले. तू मला मारून मारून असं बनवलंस की डॉक्टरलासुद्धा मी सापडले नाही, असंही म्हणाले. ती ऐकत राहिली आणि मग उसळली.

“नसतं शिकवलं तं? शाळेनं घेतलं असतं? शाळा नाही तं कायची नोकरी? जी नोकरी वाचवाले मले इथं ओढून आणलं, ते कोणाच्या चिमट्यानं लागली वं?”

मॅडम म्हणाली, “दोघीही पाणी घ्या.” कुणी घेतलं नाही.

अहवाल आला. निदान: ऑटिझम. पुढे मदतीची किती गरज वगैरे. माहितीची विश्वसनीयता: आहे. आईनं तो शब्द स्वतः बोट ठेवून वाचला आणि कागद परत दिला. मॅडमनं सांगितलं की हा अहवाल म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे, त्यासाठी बोर्डापुढे वेगळं जावं लागतं, तिथं कदाचित हेच सगळं पुन्हा. लोक म्हणतात, नाव कळलं की हलकं वाटतं. मला नाही वाटलं. मला एकेक माणूस आठवत गेला ज्यानं मला माजोरी म्हटलं होतं, आणि प्रत्येकाच्या दारात जाऊन कागद तोंडावर मारावा वाटलं. आठवडाभर मी यादीच करत होते.

प्रत शाळेत दिली, बंद पाकिटात, वर गोपनीय लिहून. आमच्या शाळेत गोपनीय म्हणजे दुपारच्या डब्यापर्यंत. एका शिक्षिकेचं माहेर मेहकरकडचं, तिनं तिकडे फोन केला असणार. तीन दिवसांत पाहुण्यांनी निरोप धाडला, ‘कळवतो’. कळवतो म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. भाऊ फोनवर जे बोलला त्यात शिव्याच जास्त होत्या. आईला त्यानं बजावलं, आता त्या समितीला पाय ठेवायचा नाही, गेलीस तर घरात घेणार नाही. भाचीनं मला मेसेज केला, एकच ओळ: आत्या, मले तो पोरगा आवडला होता. मी त्याला काय उत्तर देणार? ‘वाचलं’ एवढं लिहिलं. ते चुकलं, हे नंतर कळलं. बरोबर काय होतं ते अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

समितीच्या दिवशी मी एकटीच गेले. आई माझ्याशी अकरा दिवस बोलली नव्हती. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते तर फाटकातून ती येताना दिसली. दोन एसट्या बदलून आली होती. माझ्याकडे न बघता दुसऱ्या टोकाला बसली.

आत तिघं होते, अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापिकाबाई. अध्यक्षांनी अहवाल चाळला, म्हणजे पानं उलटली. माझ्याशी एक अक्षर नाही. थेट आईला म्हणाले, “बाई, इथं लिहिलंय हे जन्मापासूनचं आहे. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग नोकरी लागताना आमच्यापासून लपवलं का? ही संस्थेची फसवणूक नाही?”

मी उठायला लागले. आईनं माझा पदर खाली ओढला.

“तवा इचारलं असतं तं खोटंच सांगितलं असतं साहेब,” ती म्हणाली. “मी चाळीस वर्षं खोटंच सांगितलं. पाहुण्यायले सांगितलं, मास्तरले सांगितलं, डाक्टरले सांगितलं. खरं सांगितलं तं काय होते, ते या महिन्यात पाह्यलं. नातीचं लग्न मोडलं, पोरानं घर बंद केलं. माह्यापाशी आता लपवाले काही उरलं नाही. तं सांगा, सोळा वर्षांत इनं एक दाखला चुकवला का? एक जन्मतारीख?”

अध्यक्षांनी आणखी एक पान उलटलं.

“अन् त्या गुरुजीच्या रजा किती होत्या? मोजल्या का तुमी?”

सचिवांनी घसा खाकरला. “मोजल्या,” ते म्हणाले. “एकशे चौदाच आहेत.”

नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, ती फाईलला आहे. आणि यापुढे मी कोणत्याही समारंभाला हजर राहायचं नाही, असं तोंडी बजावलं. ती शिक्षा आहे असं त्यांना वाटतं, वाटू दे बापड्यांना.

बाहेर रस्त्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. ऊन होतं. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून म्हणाले, “तू माझ्यासाठी आलीस.”

“तुह्यासाठी नाही आली,” आई म्हणाली. “मले खोटारडी लिहिलं होतं, ते पुसाले आली. तुह्यापायी माह्या नातीचं मोडलं, ते मी मरेपर्यंत इसरत नाही.” मग एसटी आली आणि ती चढली. भावानं घरात घेतलं की नाही, ते तिनं मला सांगितलेलं नाही.

मॅडमला हे मी नंतर सांगितलं. ती म्हणाली, “अहो ताई, आया बोलतात तसं. वरवरचं असतं ते, आतून वेगळंच असतं.” असेल. पण वरचं आणि आतलं मला वेगवेगळं ऐकू येत नाही, हे तिनंच तर सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय. आई म्हणाली तुझ्यासाठी नाही आले, तर मी तेच धरून बसले आहे.